एकशेदहा, एकशेदहा

श्रावस्ती, आधी ही मोसंबी टोच.
घनसावंगीच्या बाजारातली आहे, जाड सालीची,
रडत नाही, अंग चोरत नाही.
सुई अशी धर, पेन्सिलीसारखी.
आत नुसतं पाणी आहे.
दहा मोजेपर्यंत काढायची नाही.

तू साताला काढलीस.
थेंब सालीवरून ओघळून टेबलावर आला.
म्हटलं, उद्या हा थेंब तुझ्या वाट्याचा असेल,
पुन्हा मोज.

बाटली खुळखुळवायची नाही,
तळहातांत फिरवायची,
तुझी माय भाकरीचा उंडा फिरवते तशी, निवांत.
फ्रीज नाही म्हणताना तू मान खाली घातलीस.
अगं, ज्यांच्याकडं आहे त्यांच्याकडं तरी लाईट कुठं असते?
दोन गाडगी घे, एकात एक,
मधे वाळू, सकाळ-संध्याकाळ ओली करायची,
वर ओलं फडकं.
मे महिन्यात पाणी गार राहतं त्यात,
हेही राहील.

बेंबीपासून दोन बोटं सोडून.
आज डावीकडं, उद्या उजवीकडं, मग मांडी.
दरसाल एकाच तुकड्यात कापूस घेतला
की रान थकतं, ते तुला माहीत आहे.
कातडीचंही तसंच.

आणि हात थरथरले, घाम फुटला,
उगीचच शेजारणीचा राग आला,
तर प्रार्थना चालू असली तरी थांबायचं नाही.
खिशातली साखर तोंडात.
गुरुजी ओरडले तर म्हण, सिस्टरनं सांगितलंय.
सगळ्या तासात तू एवढ्यालाच हसलीस.

कधी बरं होणार, हे तू विचारलं नाहीस.
तुझ्या बापानं विचारलं, दारात,
चप्पल घालता घालता, माझ्याकडं न बघता.
मी खरं ते सांगितलं.
तो बराच वेळ चप्पलच घालत राहिला.

महिन्यानं तू वही आणलीस.
एकशेदहा, एकशेदहा, एकशेपाच, एकशेदहा.
एकाच पेनानं, एकाच बैठकीत,
प्रत्येक आठवड्याखाली पट्टीनं मारलेली रेघ.
मी मशीन उघडलं.
मशीनला सगळं आठवतं, पोरी.
तीनशे बेचाळीस. अठ्ठावन्न. तीनशे सात.

तू ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलंस,
टोचून टोचून काळ्या पडलेल्या त्याच बोटाला.

ऐक, हे कुणाला सांगू नको.
मी नवीन होते, अंबडला, रात्रपाळी.
डोळे मिटत होते, आणि मी
अख्ख्या वॉर्डाचा ताप खुर्चीत बसून लिहिला,
अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार,
अक्षर फार सुंदर आलं होतं.
सकाळी सात नंबरच्या खाटेवरचं पोरगं
तव्यासारखं तापलेलं.
वाचलं ते.
पण ते पान मला अजून
ओळीनं पाठ आहे.

तुझ्या वहीत लाल शाई नाही चालत.
तीनशेला कुणी बाकावर उभं करत नाही.
अठ्ठावन्नचं मात्र मला सांगायचंस,
त्या रात्री तू एकटी घाबरलीस ना?

तू हो म्हणाली नाहीस.
पान उलटलंस, पेन मागितलंस,
आणि पट्टी न घेता, वाकडंतिकडं, लिहिलंस:
रविवार. ३४२. काकाचं लगीन. बुंदी. दोनदा.

पेनाचं टोपण लावलंस.
पुन्हा काढलंस.
दोनदा खोडून
तीनदा केलंस.