चीक

सोहारच्या कंपनीत दिवसपाळीला
मी दाणे तपासते : पांढरे, गुळगुळीत,
साबुदाण्यासारखे, पण न शिजणारे.
त्यांच्या पिशव्या होतात.
पिशव्या वाऱ्यावर.

रात्री घरी गव्हाचा चीक शिजवते.
तीन दिवस भिजवलेला, आंबूस.
शेजारची लिसी दारातून विचारते, सण कोणता?
चमचाभर ग्लिसरीन, थोडं व्हिनेगर,
काचेवर पातळ पसरायचं
आणि एसीखाली वाळू द्यायचं.

आई कुरडया घालायची
युरियाच्या धुतलेल्या गोणीवर.
प्लॅस्टिकच्या. आत्ता आठवून हसू आलं.

पहिला तुकडा हातात तडकला.
सातवा ऑगस्टच्या दमट हवेत
सादळलेल्या पापडासारखा लोंबला.
अकराव्या पिशवीने पाव किलो खजूर नेला,
गाडीपर्यंत.

हमूदच्या सांडणीच्या पोटातून
डॉक्टरने काढलेला गोळा
त्याने मला दाखवला होता. दगडच.
वरच्या थरावर एका दुकानाचं नाव
अजून वाचता येत होतं.
मी वाचलं. दाणे आमचे असतील,
नसतीलही.

शुक्रवारी त्याच्या कुंपणाला
बारावी पिशवी बांधली,
उन्हात किती टिकते बघायला.
संध्याकाळी सुतळी तेवढी उरलेली,
आणि सांडणीचं पोर ओठ चाटत उभं.
हमूद म्हणाला,
मीठ कमी पडलं म्हणतोय.

आठवडाभर रोज फोन करून विचारलं, कसा आहे?
आठव्या दिवशी तोच वैतागला :
माझ्या तब्येतीचं कधी विचारणार?

वहीत लिहिलं, टिकली नाही.
मग ती ओळ तशीच ठेवून
खाली लिहिलं,
पचली.