दिसेल असा खड्डा

आदल्या संध्याकाळी मी रिकाम्या जमिनीचा फोटो काढतो.
काहीच नाही, त्याचा फोटो.
मळकं गवत, उरलासुरला बर्फ,
सर्व्हेवाल्यानं ठोकलेल्या चार खुंट्या आणि त्यांच्या केशरी फिती.
खुंट्या धरत नाहीत.
मातीचा नमुना नेला, तोही धरत नाहीत.
कायदा म्हणतो, काम सुरू झालं हे
रस्त्यानं जाणाऱ्याला दिसलं पाहिजे.

रस्त्यानं जाणारा म्हणजे कोण, ते कायदा सांगत नाही.
बेमिजीच्या उत्तरेला, एप्रिलात, सकाळी सात वाजता
इथून जातं कोण?
लॉइस टोर्गर्सनची शाळेची बस.
आणि कावळे.

बापानं कधी फोटो काढले नाहीत.
त्यानं एका दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्याचं तळघर खणलं,
डॉक्टर बुडाला, बँक आली,
म्हणाली, आमचं गहाणखत आधीचं.
बाप म्हणाला, खड्डा आधीचा.
पण खड्ड्यावर तोवर दवाखाना उभा होता.
त्या वर्षी आमचा पिवळा बॅकहो गेला.
तो ट्रकवर चढवत होते तेव्हा
बाप शेडमध्ये पाने पुसत बसला,
एकेक पाना, दोन-दोनदा.

म्हणून मी असा. चिकट म्हणतात मला.
बादली जमिनीला टेकायच्या आधी एक,
टेकल्यावर एक,
पहिला ढीग पडला की चारी दिशांनी चार.
पुठ्ठ्यावर ठळक लिहून ढिगात खोचतो:
तारीख, वेळ, प्लॉट नंबर, आर्ने हाउगन.

त्या दिवशी सात वाजून दहा मिनिटं.
जमीन वरून चिखल, आत अजून गोठलेली,
बादलीचे दात घसरले, ठिणगी उडाली.
लॉइसनं हॉर्न वाजवला.
वहीत मी हॉर्नसुद्धा लिहिला.
नऊ पन्नासला बँकेचं गहाणखत नोंदणी कचेरीत पडलं,
हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझे पैसे मे महिन्यातच मिळाले.
चेक वटला, मी विसरलो.

डिसेंबरात एका वकिलाचा फोन.
तळ्याकाठची ती सहा घरं बांधणारी कंपनी बसली.
फरशी बसवणाऱ्याचे अकरा हजार डॉलर अडकलेत,
त्यानं बोजा चढवलाय,
पण बँक म्हणते, आम्ही पुढे.
'रांग कधी लागली, ते तुमच्या खड्ड्यावर आहे,' वकील म्हणाला.
सगळ्यांत शेवटी आलेल्याचा हक्क
सगळ्यांत आधी आलेल्याच्या तारखेपासून मोजतात.
इतकी वर्षं खणतोय,
मी फक्त माझ्यापुरताच फोटो काढत होतो.

सेगुंदो ग्वामान. इक्वाडोरचा.
बाकावरून उठताना आधी हात टेकतो, मग गुडघे सरळ करतो.
मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.
मी होतो तेव्हा तो नव्हता,
तो आला तेव्हा मी दुसरीकडे खणत होतो.

बँकेच्या वकीलबाईंनी विचारलं,
हा खड्डा याच प्लॉटचा कशावरून?
मी मागचं बर्च दाखवलं,
वीज पडून दोन फाटे झालेलं.
ते अजून आहे.
खड्डा मात्र आता कुणालाच दाखवता येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत सेगुंदोनं फोटो हातात घेतला,
बराच वेळ धरला.
मग ठिणगी उडाली होती तिथे बोट ठेवून विचारलं,
हे घरात कुठे येतं?
पहिल्या घराचं स्वयंपाकघर, मी म्हटलं,
सिंकच्या डाव्या अंगाला.
तो हसला.
'तिथे मला फरशी तिरकी कापावी लागली.
कोपरा काटकोनात नव्हता.'
माझ्यामुळे, मी म्हटलं. खाली दगड लागला,
भिंत चार बोटं सरकली.
'चार नाही,' तो म्हणाला, 'पाच.'

निकाल जानेवारीत.
बाहेर पार्किंगमध्ये बर्फ धरला होता.
तो त्याच्या व्हॅनची काच खरवडत होता,
मी माझ्या ट्रकची.