गुरुवारी वीज गेली तर

तापकीर गल्लीत, तीन पायऱ्या चढून आत,
ऋषभ ओसवाल माझ्यासमोर दोन डबे ठेवतो.
एकात निळे ठोकळे, अर्ध्या आगपेटीएवढे.
दुसऱ्यात काळे, गुळगुळीत, तोंड मिटलेले.
"सॉलिड स्टेट घ्या ताई. आवाज नाही, झीज नाही,
आतमध्ये हलणारं काही नाहीच."

आतमध्ये हलणारं काही नाही.
तो एकदाच बोलला, मी दोनदा ऐकलं.

तसला एक लावला होता मागे, पॅसेजच्या दिव्याला.
बंद केला तरी पुरता विझेना,
रात्रभर नखाएवढी मिणमिण.
लीकेज आहे, मी म्हटलं.
बाबा म्हणाले, कोणीतरी लाईन होल्डवर ठेवलीय.

एकतीस वर्षं बाजीराव रोडच्या एक्स्चेंजात.
अख्खा हॉल रिलेंचा,
लाह्या फुटाव्यात तसा दिवसभर, सांगायचे.
आता सांगत नाहीत.
पहाटे साडेतीनला उठतात, शर्ट खोचतात,
डबा मागतात,
आणि धायरीच्या तिसऱ्या मजल्यावरून ड्यूटीला निघतात.
एकदा वडगावच्या पुलाखाली सापडले,
रिक्षावाल्याला एक्स्टेन्शन नंबर देत होते.

म्हणून पॅनेल, म्हणून चुंबकी लॉक,
म्हणून आज हाफ डे टाकून बुधवार पेठ.

"लोड काय?" लॉक अर्धा अँपिअर, बाकी किरकोळ.
"मोटर नाही ना?" नाही.
सतरा वर्षं भोसरीत पॅनेल वायर करतेय,
ठोकळ्यावर दहा लिहितात
आणि मोटरच्या पहिल्या हिसक्याला कॉन्टॅक्ट चिकटतो,
मग सोड म्हटलं तरी सोडत नाही.
कॉइलला उलटा डायोड लागतो, तेही माहीत आहे:
धरताना ती गप्प असते, सोडताना झटका देते.
हे सगळं येतं मला. अडलंय भलतीकडेच.

रिलेच्या भाषेत नॉर्मल म्हणजे
अंगात वीज नसताना तो जसा असतो, तसा.
नॉर्मली ओपन. नॉर्मली क्लोज्ड.
उद्या गुरुवार, लाईन जाणार, बॅटरी म्हातारी,
मी भोसरीत, बाबा घरात एकटे,
दार तेव्हा कसं असू दे?
बंद, तर गॅस चालू राहिला म्हणजे?
उघडं, तर जिना आहे, कॅनॉल आहे, सिंहगड रोड आहे.
भाऊ म्हणाला, बंदच ठेव, सेफ.
तो ॲडलेडला असतो. तिथे गुरुवार नसावा.

ऋषभने तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं काढली,
एकाला फ्यूज, एकाला नुसताच सल्ला.

"दोन पोलचा दे," मी म्हटलं. "निळ्यातला. सॉकेटसकट."
एका पोलावर लॉक: वीज आहे तोवर धरेल,
गेली की सोडेल. माणूस आत कोंडायचा नाही.
दुसऱ्यावर, नॉर्मली क्लोज्डला, घंटा,
वेगळ्या सेलवर, समोर फडतरे वहिनींच्या ओट्याशी.
एक हात सुटला की दुसरा धरतो.
काळ्या डब्यात हे नव्हतं. त्यांना सुटणं जमत नाही, नुसतं थांबतात.

वहिनींना विचारलंय.
"वाजली की येईन," म्हणाल्या,
"पण कुकर लावलेला असला तर तिसऱ्या शिट्टीनंतर.
आणि तू घरी आलीस की रोज वाजणार ना गं ती?"
वाजणार. काय करू.

रात्री डायनिंग टेबलावर बारा व्होल्ट लावून पाहिले.
टक.
बाबांनी पेपरातून मान वर केली. "लागला."
काढले. टक. "सुटला."
पुन्हा. पुन्हा. मला टेस्टिंगची गरज नव्हती आता.
मग उठून आले, माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला,
चष्म्याविनाच टर्मिनल शोधलं, पाव आटा पिळला.
"कॉमन सैल ठेवू नये," म्हणाले,
"सगळे त्याच्याच जिवावर असतात."

आणि डबा मागितला.