पोहण्यास सक्त मनाई

सोयरू वेळीपनं चौघांचे ऐंशी रुपये घेतले,
चार तिकिटं फाडली.
तळं मात्र नव्हतं.
"सुकलां," तो म्हणाला, "मिरगाक येतलें परत."
जसं काही ते सांग्याच्या बाजाराला गेलंय.

अवधूतनं तरी डिकीतून तंबू काढला,
मेहुण्याकडून आणलेला, एक दांडी कमी.
काठावर जांभा, खुंटी शिरेना,
म्हणून आम्ही खाली उतरलो
जिथे डिसेंबरात पायडलची होडी फिरली होती
आणि मी अर्धा तास दोन्ही कडा धरून
शांतादुर्गेला कबूल करत होते
नारळ, ओटी, आणखी काय काय.

भेगांत खुंट्या बिनबोभाट गेल्या.
पाटी अजून उभी, थोडी कलंडून:
पोहण्यास सक्त मनाई. पाणी खोल आहे.
कमी पडलेल्या दांडीच्या जागी तीच कामी आली.

निहारा मोजपट्टीच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली.
दीडच्या जरा खाली तिचं डोकं.
वर चारच्या आकड्यावर एक खंड्या
सवयीनं खाली बघत बसलेला.

उंडे, मुगागाठी, थर्मासमधला चहा.
पलीकडच्या डोंगरावरून बोंडूंचा आंबूस वास.
रिवेशनं विचारलं, मासे कुठे गेले?
अवधूत बराच वेळ बोलला,
बाष्पीभवन, अंडी, ओहोळ,
मग स्वतःच अडखळला.
सोयरू विडी विझवत म्हणाला, "रावतात ते."
"म्हणजे थांबतात?"
"हय. खाला."
त्यानंतर रिवेश पाय उचलून उचलून चालू लागला.

सगळे निजल्यावर बॅटरी घेऊन मी मध्यापर्यंत गेले.
वाटेत एक चप्पल सापडली, डाव्या पायाची.
आमची हरवली होती तीही डावीच,
पण ती निळी, आणि हिला आता रंगच नव्हता.
उचलली नाही. ओलांडलीही नाही. वळसा घातला.

मध्यावर बॅटरी बंद केली.
मला बुडवायला पुरेल एवढं आभाळ डोक्यावर होतं.
कुणी बघत नाहीसं पाहून
हात पुढे घेतले, बाजूला सारले,
पुन्हा पुढे.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा
श्वास कुठे घ्यायचा ते मला कळत होतं.

तंबूची चेन सरकली.
"आई," निहारा अंधारातून ओरडली,
"पाटी नाही का वाचलीस?"