लंबन

इंदुरात क्षितिज नाही.
रामबागेच्या गच्चीवरून दिसतात काळ्या टाक्या,
शुक्लांची डिश, मागे कडुनिंब.
म्हणून परातीत काकवी ओतली.
"पारा असता तर," हे म्हणाले.
पारा कुठला मिळायला. काकवी मिळते,
आणि तिच्याबरोबर मुंग्या.

ह्यांचे हात थरथरतात, तेव्हा सेक्स्टंट माझ्याकडे.
छत्तीस वर्षं वीज मंडळाच्या हिशेबखात्यात काढली,
पितळी चापावरच्या कला वाचणं मला जड नाही.
एक चंद्र आरशात, एक काकवीत,
एकावर एक बसले की उंचीच्या दुप्पट.
निम्मं करायला विसरायचं नाही.
खालची बोरिंगची मोटर सुरू झाली की थांबायचं,
काकवीवर शहारा येतो.

मग खरं काम. मघा.
चंद्राच्या अंधाऱ्या अंगावरून तिला आणायची
आणि पलीकडच्या उजळ कडेला टेकवायची.
"टेकली?"
"नाही."
"आता?"
श्वास सोडला की सुटते.
"आता."
एकाहत्तर अंश, चार कला, आणि थोडं.

"चंद्र म्हणजे घड्याळ," हे जिना उतरताना सांगतात,
"तासाला आपल्याच बिंबाएवढं सरकतं."
मिनिटकाटा नसलेलं घड्याळ, मी मनात म्हणते.

जेवणाच्या टेबलावर लॉगॅरिदमचं पुस्तक,
पाठीला तीन वेळा चिकटपट्टी.
हवेनं वाकवलेला उजेड सरळ करायचा.
बिंबार्ध.
मग लंबन: गच्चीवरून पाहिलं हीच मुळात चूक,
पृथ्वीच्या ऐन पोटात बसून पाहिलं असतं
तर चंद्र कुठं दिसला असता, ते काढायचं.
"जिथं कुणीच बसलेलं नाही, तिथून?"
"कोष्टकं सगळी तिथूनच असतात."

दीड वाजता ह्यांनी खाली दोन रेघा मारल्या.
पंचाहत्तर अंश अठरा कला.
नकाशा उघडला. धार.
"वर एक कला चुकली की खाली तीस चुकतात," हे म्हणाले,
जणू मीच त्यांना ओरडले होते.
दुसऱ्या रात्री सोनकच्छ.
मी सवयीनं सरासरी काढली: कालानी नगर.
रिक्षानं वीस मिनिटं.

ह्यांची पत्रं यायची,
कोपऱ्यात तारखेच्याही आधी अक्षांश-रेखांश.
गीतेशच्या ॲटलासमध्ये मी बोट ठेवायची
तिथं नुसतं निळं असायचं, नावही नसायचं.
माझ्या पत्रांवर फक्त तारीख.
गोवर निघाला तेव्हाही पंचाहत्तर एक्कावन्न,
सासूबाई गेल्या तेव्हाही,
ते कुणाला कधी
काढावं लागलं नाही.

तिसऱ्या रात्री ढग.
हे खोडरबर शोधत म्हणाले,
"उद्या पुन्हा घेऊ. नीट उभी राहा,
तू हलतेस."
मी काकवी गाळून बरणीत ओतत होते.
"मी हललेच नाही," म्हटलं,
आणि चमच्यानं एक मुंगी बाहेर काढली.