बारा टिकल्या

ग्रिम्सबीत, गोदीमागच्या वस्तीत,
चर्चच्या हॉलमध्ये
टेबल टेनिसच्या टेबलावर आम्ही नकाशा पसरला.
प्रत्येकाला बारा टिकल्या.
सहा हिरव्या म्हणजे हवं, सहा तांबड्या म्हणजे नको,
एका जागी एकच लावायची.
मी कौन्सिलचा कारकून. इतिवृत्त माझ्याकडं,
शिवाय चहा.

माणसं आली सव्वीस.
कुणी बसथांब्याला छप्पर मागितलं.
कुणी विचारलं, मागच्या खेपेच्या टिकल्यांचं काय झालं?
आर्किटेक्ट पोरगी त्यावर छान हसली.
प्रश्न मी लिहून घेतला.
हसण्याला रकाना नव्हता.

विनिफ्रेड टास्कर, वय एक्याऐंशी,
मासे चिरून चिरून बोटं वाकडी झालेली,
टेबलावर ओणवी झाली
आणि बाराच्या बारा टिकल्या
एकावर एक चिकटवल्या
धुलाईघरामागच्या बोळाच्या तोंडाशी.
मी म्हटलं, बाई, तांबड्यासुद्धा?
"दिवा हवा म्हणून हिरव्या.
काळोख नको म्हणून तांबड्या.
इतकं साधं आहे, बाळा."

नकाशा गुंडाळताना
तो बारका उंचवटा बोटाला लागला.
अहवालात सहातून सहा गेले.
शून्य.
वजाबाकी माझी.

तीन वर्षांनी चौक झाला. ग्रॅनाइटचा. तीन बाकं,
तिन्हींची समुद्राकडं पाठ.
बोळ 'पुढच्या टप्प्यात'.

मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी
अब्दीकरीम वॉर्सामे शिडी घेऊन आला,
ब्रोना क्विलनं ती धरली,
वायर आली धुलाईघराच्या खिडकीतून,
आणि विनिफ्रेड खाली उभी,
"डावीकडं. अजून. अगं बाई, एवढं नको,"
जन्मभर दिवेच लावत आल्यासारखी.

सोमवारी तक्रार माझ्या टेबलावर:
विनापरवाना दिवा, नग एक.
चौदा दिवसांत नोटीस बजावणे.
मसुदा तयार आहे.
'मालकाचं नाव' तेवढं रिकामं.

काल कामावरून सुटल्यावर
मीच जाऊन आलो, जागेची पाहणी म्हणून.
वारा सुटलेला, दिवा हलत होता,
त्याच्याबरोबर बोळाच्या भिंतीही.
मधोमध एक पायरी आहे, कड तुटलेली,
ओली, घोटा मुरगळेल अशी.
अठरा वर्षं मी या वस्तीचे नकाशे सांभाळतो.
एकाही नकाशात ती नाही.