आधी ब्रेक

ओव्हनच्या हँडलवरच्या टॉवेलला
तिसऱ्यांदा हात पुसून
लोरीन वाचेक पुन्हा कागदांपाशी बसते.

नेब्रास्कातलं क्रीट गाव. फेब्रुवारी. रात्रीचे सव्वानऊ.
धान्याच्या कोठारापाशी मालगाडी डबे जोडते आहे,
प्रत्येक धडक
टेबलावरच्या चमच्यापर्यंत येते.

ओमाहाच्या कंपनीचा कागद गुळगुळीत.
प्रशिक्षण फुकट, हॉटेल फुकट,
दुपारचं सँडविचसुद्धा.
मागच्या पानावर, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत :
वर्षाच्या आत सोडून गेलात
तर सहा हजार डॉलर भरून द्यायचे.
फुकट हा शब्द तिनं याआधी एकदाच
एवढ्या ठळक छपाईत पाहिला होता,
लग्नाच्या हॉलच्या पावतीवर.

दुसरी कंपनी म्हणते,
सहा आठवडे प्रशिक्षकाच्याच ट्रकमध्ये राहायचं.
तुम्ही वरच्या बर्थवर, तो खालच्या.
म्हणजे एका परक्या माणसाचं घोरणं,
त्याचे मोजे, त्याचा रेडिओ, त्याचा देव.
बाई मिळेल का शिकवायला?
मिळेल की, पण थांबावं लागेल.
किती?
फोनवरचा मुलगा नुसता टाइप करत राहिला.

अठरा वर्षं ती पिठाच्या गिरणीत
पोत्यांवर तारखेचे शिक्के मारत होती.
गिरणी बंद पडली. एक शिक्का घरी आलाय,
मागचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून
खाली लावायला.

भीती कशाची, ते तिला नीट ठाऊक आहे.
बर्फाची नाही. बर्फात ती
सोळाव्या वर्षापासून गाडी हाकते.
घाटाची नाही, इथे घाट आहेत कुठे?
भीती आहे मागे जाण्याची.
त्रेपन्न फूट लांब काहीतरी पाठीशी बांधलेलं,
त्याला डावीकडे न्यायचं तर चाक उजवीकडे,
आणि समोर कॉफीचे कप धरून
आपली पाळी कधी येते म्हणून उभे असलेले बाप्ये.

गेल्या रविवारी बहिणीच्या नवऱ्याची बोट
ट्रेलरवरून मागे घेत होती.
टपालपेटी अजून आडवीच पडली आहे.
मेव्हणा काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणून तिनं सगळ्यांना एकच प्रश्न विचारला.
पगाराचा नाही.
चालवताना मला रडू आलं
तर शिकवणारा काय करतो?

ओमाहावाला हसला, आणि म्हणाला
आमच्या शंभरातल्या चौऱ्याण्णवांना नोकरी लागते.
दुसऱ्यानं होल्डवर टाकलं,
कानात बराच वेळ सनई की काय ते वाजत राहिलं.

तिसरा नंबर चर्चच्या पत्रकातून फाडलेला.
हावलिचेक आणि लेक, यॉर्कच्या अलीकडे,
पाच ट्रक, शिकायला दोघेच.
हॉटेल नाही, रोज चाळीस मैल जा, चाळीस मैल ये.
मैलामागे पगार चार सेंट कमी.
फोनवर लेक होती, साठीची असावी,
पलीकडे कुणी लोखंडावर ठोकत होतं.
ती जरा थांबली.
मग म्हणाली :
आधी ब्रेक लावायचा.
दोन्ही बटणं ओढायची, पिवळं आणि लाल.
हवा सुटल्याचा आवाज येईल, दचकायचं नाही.
मग रडायचं.
मी खिडकीबाहेर बघत बसते.
रुमाल नसतो माझ्याकडे,
ग्रीस पुसायचे कागद असतात, निळे. खरखरीत आहेत.

लोरीन गुळगुळीत कागद पालथा घालते
आणि त्याच्या कोऱ्या कडेला बेरीज मांडते.
पेट्रोल. चार सेंट. घराचा हप्ता.
जुळत नाही.
चष्मा पुसून पुन्हा मांडते. दहा डॉलरनं आणखी बिघडतं.

बाहेर शेवटचा डबा जोडला जातो,
चमचा हलतो, थांबतो.

ती बेरीज खोडत नाही.
तिच्या खाली, गिरणीतल्या सवयीनं
आजची तारीख घालते,
आणि लिहून ठेवते :
पिवळं. लाल.